साहेबांच्या ओसरीवरचा गेरू

पाकिटातून निघालेला पोपडा माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने लाल. असे पोपडे आमच्याकडे रोज येतात. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका रंगाच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं शेड जुळवण्याचं काम करते. कुणाच्या व्हिलाचं फाटक, कुणाच्या बोटीचा पट्टा, कुणाच्या शाळेची कुंपणभिंत. लोक तुकडा पाठवतात आणि म्हणतात, अस्साच हवा. मी तो दिव्यांच्या पेटीत ठेवून तीन प्रकारच्या उजेडात बघते. मशीन आकडे देतं, पण खालची सही मी डोळ्यांच्या भरवशावर करते.

मला एक खोड आहे. पोपडा हातात आला की त्यावर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि वास घ्यायचा. सहकारी हसतात. एकाने तर मला वाढदिवसाला अत्तराची बाटली दिली, म्हणाला, मॅडम, कधीतरी चांगलं पण काही हुंगा. कारखान्यातला रंग वाळला की त्याला ओला करून काही वास येत नाही. मातीला येतो. त्या दिवशी त्या नखाएवढ्या तुकड्याला असा वास आला की मी पाकीट उलटं करून कुठून आलंय ते वाचलं.

ते किल्ल्यावरून आलं होतं. आमच्या किल्ल्यावरून.

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, तसा हा नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी, जिथून ओमानची सरहद्द पायी तासाभरावर, तिथे मातीचा एक चौकोनी कोट, त्याला दोन बुरूज, आणि कोटाबाहेर चार खोल्यांची बैठी रांग. रांगेपुढे कमानींची लांब ओसरी. इंग्रज इथे होते तेव्हा सरहद्द सांभाळायला एक छोटी फौज असायची आणि तिचे साहेब या चार खोल्यांत राहायचे. साहेब गेले, फौज दुसरीकडे हलली, खोल्या सरकारी नोकरांना मिळाल्या. माझे बाबा पाणीखात्यात पंपांवर ओव्हरसियर होते. त्यांना शेवटची खोली मिळाली. मी तिथे पाच वर्षांची असताना आले आणि बारा वर्षांची होऊन निघाले.

सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की सरकार आता ती रांग जतन करणार आहे, साहेबांच्या वेळी होती तशी. शेवटच्या खोलीच्या भिंतीवर, चुन्याच्या कितीतरी थरांखाली, कमरेइतक्या उंचीचा एक लाल पट्टा सापडला आहे. तो मूळचा रंग दिसतो. त्याची शेड जुळवून द्यावी, म्हणजे चारही खोल्यांच्या ओसरीला तोच पट्टा ओढता येईल. शेडचं नावही कुणीतरी सुचवलं होतं, 'ऑफिसर्स रेड'.

मी ते नाव दोनदा वाचलं आणि जागच्या जागी हसले. तो लाल साहेबांचा नव्हता. तो माझ्या आईचा गेरू होता.

म्हणजे मला तसं वाटलं. कारण पत्राला जोडलेल्या तपासणीच्या अहवालात एक गोष्ट होती जी काही केल्या जुळेना. लोह असलेली स्थानिक माती, हाताने वाटलेली, हे बरोबर होतं. पण पुढे लिहिलं होतं, दूध. गेरूत कुणी दूध घालतं का? आमच्या राजापूरकडे तरी नाही. गेरू पाण्यात कालवायचा, झालं. मला असं काही अडलं की जेवण गोड लागत नाही, आणि त्या दिवशी डब्यातली भाजी कोणती होती ते मला अजून आठवत नाही.

लहानपणी तर मी त्याहून वाईट होते. त्या खोलीत आमच्या आधी कोण राहायचं, याचा मी नुसता ध्यास घेतला होता. साहेब काही सामान ठेवून गेले नव्हते, पण खुणा ठेवून गेले होते. पायरीशी लोखंडाची एक आडवी पट्टी रोवलेली होती, बुटांचा चिखल खरवडायला. चिखल कुठला, तिथे नुसती खडी. आई त्या पट्टीवर नारळ फोडायची. छताला मधोमध एक जाडजूड हूक होता. साहेब त्याला काय टांगत असतील? आई चक्का टांगायची, आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याखाली पातेलं ठेवून मला माशा वारायला बसवायची. खिडकीच्या चौकटीवर चाकूने मारलेल्या रेघा होत्या, चार उभ्या, एक आडवी, पुन्हा चार उभ्या. बाबा म्हणाले, बिचारा घरी जायचे दिवस मोजत असेल. मी खमीसला विचारलं तर तो म्हणाला, बाटल्या.

खमीस किल्ल्याचा राखणदार. वाळक्या अंगाचा, पांढऱ्या दाढीचा, कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा की तो येतोय ते तो दिसायच्या आधी कळायचं. तो जवळच्याच खेड्यातला. तरुणपणी त्याच फौजेत शिपाई होता, साहेबांचं पाणी भरलेलं, त्यांच्या बंदुका पुसलेल्या. फौज गेली, तो राहिला. त्याला फौजेतलं मोडकंतोडकं हिंदी यायचं आणि माझे प्रश्न ऐकून घ्यायचा धीर होता. साहेब काय खायचे? टिन. सकाळी? टिन. आणि रात्री? तो बोटांनी डबा उघडल्याची खूण करायचा. साहेब रडायचे का, असंही मी एकदा विचारलं होतं. त्याने बराच वेळ दाढी कुरवाळली आणि म्हणाला, एक रडायचा, त्याचा कुत्रा मेला तेव्हा.

माझ्या आठवणीत खमीस कायम आमच्या ओसरीवर बसलेला आहे. भिंतीला पाठ टेकून, एक गुडघा वर, हातात आईचा आल्याचा चहा. अस्राची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज झाली की तो यायचा. डोंगराची सावली तोवर कोटाच्या भिंतीवर चढलेली असायची. लांबून बाबांच्या पंपाची धडधड ऐकू यायची, इतकी सवयीची की बंद पडला तरच लक्ष जायचं. पंप बंद पडला की खमीस आणि आई दोघंही एकदम मान वर करायची.

किती ऋतू होते तिथे! लोक म्हणतात आखातात दोनच, गरम आणि फार गरम. डोंगरात तसं नव्हतं. थंडीत सकाळी धुकं इतकं खाली यायचं की बुरूज दिसायचे नाहीत, नुसता एखादा बकरा खोकायचा. मग कधीतरी डोंगरात कुठेतरी पाऊस पडायचा, आमच्याकडे एक थेंब नाही, आणि कोरड्या नाल्याला पाणी यायचं. आधी आवाज, मग वास, मग पाणी. उन्हाळ्यात खजुराचे घड चटयांवर पसरलेले असायचे, आणि सगळ्या गावाला काकवीसारखा वास यायचा. ती काकवी माझ्या फ्रॉकला, वहीला, केसांना लागायची. लिंबाची झाडं फुलली की आई ओसरीवर येऊन नुसती उभी राहायची. आता मला वाटतं तिला तेव्हा माहेर आठवत असेल, पण मी ते विचारायचं राहून गेलं. साहेबांबद्दल इतकं विचारलं, आईबद्दल काही नाही.

महिन्यातून एकदा बाबांच्या पिकअपमधून दुबईला, करामाच्या बाजाराला. अर्धा दिवस जायला, अर्धा यायला. पोहे, चिंच, कढीपत्ता, उदबत्त्या. कढीपत्ता ओल्या फडक्यात गुंडाळून आई मांडीवर घेऊन बसायची, आणि मला मागे पोत्यावर बसवायची.

दिवाळीच्या आधी गेरू व्हायचा. आई आधी भिंतीचा जुना चुना करवंटीने खरवडायची, पार खालच्या गिलाव्यापर्यंत. हयगय तिच्या अंगात नाही. बाबा म्हणायचे, अगं भाड्याची भिंत आहे, सरकारची आहे, इतकं काय? ती म्हणायची, लक्ष्मी काय भाडेपावती बघून येते? गावाहून आणलेला गेरू पहिल्याच वर्षी संपला. मग खमीसने नाल्याच्या पलीकडच्या कड्यातली लाल माती आणून दिली, दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात. तिकडचे लोक त्या मातीने आपापल्या बकऱ्यांवर खुणा करायचे. आईने ती चाळली, पाट्यावर वाटली, आणि हाताने भिंतीला लावली. मग वरच्या कडेला चुन्यात बोट बुडवून पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. शेवटचे काही ठिपके माझे असायचे, आणि ते खाली घसरलेले असायचे.

अहवाल हातात घेऊन मी आधी त्या डब्याचाच विचार केला. तळाला राहिलेली पावडर मातीत मिसळली असेल. पण आकडे तसं म्हणत नव्हते. दूध चांगलं भरपूर होतं, कुणीतरी मोजून घातल्यासारखं. मग हा आईचा गेरू नसेलच का? साहेबांचा असेल, आणि आईने त्याच्यावर हात फिरवला असेल? मी सोमवारी रजा टाकली आणि गाडी काढली.

अर्ध्या दिवसाचा रस्ता आता सव्वा तासाचा झालाय. डोंगर तेच, त्यांच्या पोटातून बोगदे गेलेत. किल्ल्याभोवती पत्र्यांचं कुंपण होतं. तिथली प्रमुख मोझा नावाची तिशीतली एमिराती मुलगी, काळ्या अबायावर पिवळं हेल्मेट घातलेली. तिला मी रंग कारखान्याची बाई म्हणून भेटले, इतकंच. मी इथे राहिले आहे हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. बहुधा आधी सगळं ऐकून घ्यायचं होतं.

रांग मला वाटली होती त्याच्या निम्मीच निघाली. कमानी बुटक्या, ओसरी अरुंद. पण शेवटच्या खोलीच्या भिंतीवर तिने चुन्याचे थर एकाखाली एक पायऱ्यांसारखे उघडून दाखवले होते, ते पाहून मी सगळं विसरले. किती सुंदर काम! एकेका वर्षाचा चुना वेगळा दिसत होता. आणि सगळ्यात खाली तो लाल, वर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ.

मोझाने तिच्या शांत इंग्रजीत मला सगळं समजावलं. लाल रंग थेट मूळ गिलाव्यावर बसलाय, त्याच्याखाली काहीच नाही, म्हणजे तोच पहिला. त्यात कारखान्यातलं काही नाही, म्हणजे डब्यातले रंग इथवर पोचण्याआधीचा. दूध घातलेला रंग जुन्या लष्करी बांधकामात कुठेकुठे सापडतो. बाकीच्या तीन खोल्यांच्या भिंती मध्ये कधीतरी पुन्हा लिंपल्या, म्हणून तिथे खूण उरली नाही. साहेबांनी सबंध रांगेला एकच रंग दिला असणार. मी तिला दहा प्रश्न विचारले आणि तिने दहाही उत्तरं चोख दिली. तिची एकही पायरी चुकली नव्हती. चुकली होती ती फक्त माझी आई, जिने भाड्याच्या भिंतीचा चुना नको इतका खरवडला होता.

ठिपक्यांच्या ओळीत शेवटचे काही घसरलेले होते. मोझा म्हणाली, हात थकला असेल शिपायाचा.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. लाज वाटावी इतका. माझ्या आईच्या हातचा रंग चार खोल्यांच्या ओसरीला लागणार, सरकार त्याची निगा राखणार, लोक येऊन फोटो काढणार. मला फक्त शेड जुळवून सही करायची होती. खोटं असं काही बोलायचं नव्हतंच, कुणी मला विचारलंच नव्हतं. आणि खरं सांगितलं तर काय होणार, तेही मी बोलता बोलता मोझाकडून काढून घेतलं. लाल साहेबांच्या वेळचा नसेल तर रांग पांढरी होईल, कारण त्याखाली दुसरं काही नाही आणि साहेबांच्या पत्रव्यवहारात चुन्याचाच उल्लेख आहे. म्हणजे माझ्या एका वाक्याने आईचा लाल कायमचा जाणार. परतीच्या रस्त्यावर मी दोनदा ठरवलं की गप्प बसायचं, आणि नोकरीच्या एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा आपण न पटणाऱ्या कागदावर सही करणार, या विचाराने दोनदा ते मोडलं.

आई माझ्याकडेच असते, शारजात. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. मी तिला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "चारही खोल्यांना? बाई गं. तेवढी माती मला एकटीला वाटवली नसती." माझी मुलगी लॅपटॉपवरून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी, जस्ट लेट देम हॅव इट." आईचंही तेच मत पडलं. कशाला सांगतेस, म्हणाली. साहेबांच्या नावावर का होईना, रंग तर राहील. आपलं नाव कुठे काय राहतं? तुझ्या बाबांनी सात वर्षं त्या गावाला पाणी पाजलं, त्यांचं नाव आहे का कुठल्या पंपावर?

मी म्हटलं, बरं. पण मला एक सांग, त्यात तू दूध घालायचीस का?

आईचं हसू थांबलं. ती बाल्कनीतल्या तुळशीकडे बघत राहिली. मला वाटलं तिला आठवत नाहीये.

आठवत होतं. तिने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं, कारण ते आमच्या तिथल्या पहिल्या वर्षातलं होतं आणि मी तेव्हा पाचच वर्षांची होते. खमीस त्या वर्षभर ओसरीवर चढायचा नाही. पाण्याचे डबे आणायचा ते खालच्या पायरीवर ठेवायचा. किल्ल्या द्यायच्या तर खालूनच हात वर करायचा. चहा दिला तर उन्हात, खडीवर उभा राहून प्यायचा. तिला आधी वाटलं आपण हिंदू म्हणून, म्हणून तिला रागही आला. मग एकदा तिने विचारलं. तो म्हणाला, "उधर साहब लोग बैठता. हम लोग नीचे." साहेब जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण त्याला कुणी वर ये असं म्हटलंच नव्हतं.

"मग मी म्हटलं, साहब खलास. अभी मेरा घर है. बैठो," आई म्हणाली. "बसला. असा बसला गं, जसं काही खाली काच आहे. मग हळूहळू पाठ टेकली. चहा प्याला. आणि उठला तेव्हा त्याच्या पांढऱ्या कंदुऱ्यावर, त्या लांब झग्यावर, मागे हा एवढा लाल डाग."

आठवडाभर आधी दिवाळीचा गेरू झाला होता. नुसत्या पाण्यात कालवलेला, अंगाला लागणारा. आईचा जीव चरकला. एक तर माणूस इतक्या वर्षांनी वर चढला, आणि पहिल्याच दिवशी त्याचे कपडे आपल्या भिंतीने खराब केले. तो हसून म्हणाला, माफीश मुश्किल, काही हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी आला तो पुन्हा खालीच उभा राहिला. कपड्याला जपून असेल, किंवा त्याला ती आपण वर बसू नये याची खूण वाटली असेल, आईला कळलं नाही. तिला एवढंच कळलं की हे असं राहू द्यायचं नाही. तिने सगळा गेरू खरवडून काढला. राजापूरहून आणलेला होता नव्हता तो सगळा. मग माती कुठे मिळेल ते खमीसलाच विचारलं, आणि कशात कालवली की अंगाला लागणार नाही ते स्वतः करून बघितलं. तांदळाची पेज, डिंक, शेवटी माझी दुधाची पावडर. प्रत्येक वेळी भिंतीला स्वतःची पाठ घासून बघायची. बाबांना वाटलं बाईला खरूज झाली.

"मग दूध बसलं," ती म्हणाली. "मग तो रोज टेकून बसायला लागला. तू बघितलायस तो तेव्हाचा."

मुलीने लॅपटॉप मिटला होता. मग आई म्हणाली, "सांग तू त्यांना. माझा रंग साहेबांच्या नावावर गेला तर जाऊ दे. पण साहेबांचा म्हटला की खमीस परत खाली जातो."

दुसऱ्या दिवशी मी शेड जुळवून दिली. ते माझं काम होतं. पण कागदावरचं 'ऑफिसर्स रेड' हे नाव खोडलं आणि शेऱ्याच्या चौकटीत मावेना म्हणून वेगळ्या तीन पानांवर सगळं लिहिलं. कोण राहायचं, माती कुणी आणली, दूध कशासाठी. एक कबूल करते. लाल मला हवा होता. अजूनही हवा आहे.

मोझाचा फोन तिसऱ्या दिवशी आला. ती रागावली असेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त प्रश्न विचारले, आणि तिचे प्रश्न माझ्यासारखेच होते, एकातून दुसरा निघणारे. खमीस कोणत्या कमानीत बसायचा? कोणता गुडघा वर? मग म्हणाली, जतनाचं काम बघणाऱ्या समितीचं ठरलं की कळवते. ठरलं ते असं: रांग पांढरीच होईल. शेवटच्या खोलीच्या भिंतीवरचा लाल पट्टा मात्र उघडा ठेवायचा, आणि जिथे पोपडे गेलेत तिथे त्याच पद्धतीने भरून काढायचा. त्यासाठी तुमच्या आईंना आणाल का?

आईला मी आणि मोझाने धरून ओसरीच्या तीन पायऱ्या चढवल्या. थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं होतं. तिने फिकट पिवळी सुती साडी नेसली होती, कामाची. मोझाने तिला 'वालदा' म्हटलं, म्हणजे आई, आणि खुर्ची पुढे केली. सगळी तयारी जय्यत होती. त्याच कड्यातली माती, चाळून, वाटून बादलीत. पाणी. दुधाच्या पावडरीचा नवा डबा, आणि माप घ्यायला चमचा. आईने माती चिमटीत घेऊन चोळली आणि बारीक आहे म्हणाली. तिच्याकडून हे मोठं कौतुक.

मग तिची नजर ओसरीच्या कडेला गेली. कमानींच्या खांबांना पितळी कड्या लावून त्यांतून जाड दोरी ओवलेली होती.

ही कशाला, तिने मला विचारलं. मी मोझाला विचारलं. मोझा म्हणाली, लोक खालून बघतील, खडीवरून. ओसरी जुनी आहे, वर कुणाला सोडायचं नाही असं ठरलंय. मी ते मराठीत सांगितलं.

आईने दुधाचा डबा हाताने बाजूला सारला.

मोझाला वाटलं तिला कळलं नाही. तिने हळूच डबा पुन्हा पुढे केला, म्हणाली, अहवालात दूध आहे, पद्धत तीच राहायला हवी. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तिला सांग, दूध टेकणाऱ्यासाठी होतं. कुणी टेकणारच नसेल तर पाण्यात कालवते. भिंतीला काय, भिंतीला पाणी पुरतं."

मी शब्दन् शब्द सांगितला. मोझाने दोरीकडे बघितलं. मग म्हणाली, हे माझ्या हातात नाही, समितीला विचारावं लागेल. "विचार म्हणावं," आई म्हणाली. "मी बसलेय." आणि खुर्ची सोडून, माझा हात धरून, कण्हत कुंथत ती खाली जमिनीवर बसली आणि तिने जुन्या लाल पट्ट्याला पाठ टेकली. तिथला मुकादम ओरडत पुढे धावला, इतक्या कष्टाने उघडलेला तो थर. मोझाने हात वर करून त्याला थांबवलं.

मोझा खाली उतरून फोनवर बोलत होती. अरबीतलं मला थोडं कळलं. ओसरी, माणसं, नाही, हो, बघू. आई डोंगराकडे बघत बसली होती. पंप नव्हता, बकऱ्या नव्हत्या, नुसता वारा होता. पाय अवघडले, म्हणाली थोड्या वेळाने, उठव मला. मी तिला उठवलं. तोवर मोझा वर आली होती. पुढच्या महिन्यात बैठक आहे, एवढंच ते म्हणाले, असं तिने मला सांगितलं.

मग तिने आईच्या पाठीकडे बघितलं. मीही बघितलं. फिकट पिवळ्या साडीवर लाल रंगाचा कणसुद्धा लागलेला नव्हता. मोझाने आपली पांढरी ओढणी बोटाला गुंडाळली, आई टेकली होती तिथे भिंतीवर घासली, आणि बोट उन्हात धरून उलटंपालटं पाहिलं. ओढणी पांढरीच होती.

ती शेवटच्या कमानीशी गेली, कडीतून दोरी काढली आणि खाली टाकली.

आईने डबा ओढून घेतला आणि दूध घातलं.